घरच्या घरी योग: सुरुवात शवासनापासून करा

योग शिकायला येणारी बहुतेक माणसं तीन कारणांनी येतात. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून 'आता व्यायाम सुरू करा' असं सांगितलेलं असतं, पाठ किंवा मान धरलेली असते, नाहीतर झोप उडालेली असते. पहिल्या दिवशी उत्साह असतो. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावून बारा सूर्यनमस्कार घातले जातात, वर कपालभातीही होते. चौथ्या-पाचव्या दिवशी मांड्या भरून येतात, मनगट दुखतं आणि चटई पलंगाखाली जाते.

नवख्या माणसांना शिकवताना मी क्रम उलटा ठेवते. वर्गात जे सगळ्यात शेवटी करतात ते शवासन आधी, मग श्वास, मग सोपी आसनं आणि त्यानंतर सूर्यनमस्कार. ज्याला अंग सैल सोडता येत नाही, तो प्रत्येक आसनात खांदे कानांपर्यंत ओढतो, दात आवळतो, श्वास धरून ठेवतो. मग त्या आसनाचा ताणच होतो. एकदा सैल सोडणं जमलं की पुढचं सगळं निम्म्या कष्टात येतं.

हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात मोजकीच आसनं सांगितली आहेत आणि त्यांत शवासन आहे. थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं, असं त्याचं वर्णन आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही आसनाकडून दोनच अपेक्षा आहेत: स्थिर असावं आणि सुखाचं असावं. कपाळ गुडघ्याला टेकलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही.

सुरू करण्याआधी

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्यातली सरकलेली चकती, हाडं ठिसूळ होणं यांपैकी काही असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. 'योग करू का?' एवढंच विचारलंत तर बहुतेक डॉक्टर 'करा की' म्हणतील. म्हणून नेमकं विचारा: पुढे वाकू का, मागे वाकू का, डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही करू का, पोटावर झोपू का? या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून तुमची आसनं कोणती ते जवळपास ठरून जातं.

सामान घरातच सापडतं. दुहेरी घातलेली सतरंजी, दोन जाड चादरी, एक उशी, एक सुती ओढणी आणि न हलणारी, बिनचाकाची खुर्ची. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी सरकते, तेव्हा उभ्याची आसनं अनवाणी, सरळ फरशीवर करा. महागडी मॅट पहिल्या महिन्यात घेऊ नका.

पोट हलकं हवं. जेवणानंतर तीन-चार तास, चहा-बिस्किटांनंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. सकाळ चांगली, हे खरं. पण डबे, शाळेची बस आणि पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या बाईला पहाटे पाचचा हट्ट धरायला सांगणं मला पटत नाही. संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधीची वीस मिनिटं मिळत असतील तर ती तुमची वेळ. रोज तीच ठेवा म्हणजे झालं.

पहिला आठवडा: नुसतं पडून राहा

पाठीवर झोपा. दोन्ही पायांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, चवडे बाहेरच्या बाजूला पडू द्या. हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली चादरीची एक-दोन पदरी घडी घ्या, म्हणजे मानेची मागची बाजू लांब होईल. कंबर जमिनीपासून उचललेली वाटत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा लोड घ्या. तरीही दुखत असेल तर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून झोपा. कंबरदुखीवाल्यांना ही स्थिती फार आवडते आणि तेही शवासनच आहे. पोट दिसू लागलेल्या गरोदर बायकांनी पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर झोपावं, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

आता पायाच्या बोटांपासून सुरुवात करा. बोटं घट्ट आवळा, पाच अंक मोजा, सोडा. मग पोटऱ्या, मांड्या, नितंब, मुठी, खांदे. प्रत्येक ठिकाणी आधी आवळायचं, मग सोडायचं. 'सैल सोडा' म्हटल्यावर काय करायचं ते बहुतेकांना कळत नाही. आवळून सोडलं की फरक कळतो. शेवटी चेहरा. इथे घाई करू नका, कारण दिवसभराचा ताण इथेच साठलेला असतो. वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटू द्या, जीभ टाळूला चिकटली असेल तर खाली पडू द्या, भुवयांमधली आठी जाऊ द्या. जबडा सुटला की पाठोपाठ श्वास आपोआप खोल होतो, हे तुम्हाला पहिल्या दोन-तीन दिवसांतच जाणवेल.

दहा मिनिटं पुरेत. मोबाइलवर सौम्य गजर लावून तो हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका. पण रोजच दोन मिनिटांत घोरायला लागत असाल तर तुमची रात्रीची झोप कमी पडते आहे, आणि त्यावर आधी काम करायला हवं.

डोळे मिटून पडलं की छातीत धडधड वाढते, घाबरल्यासारखं होतं, असंही काही जणांना होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीकडे बघावं किंवा भिंतीला टेकून बसावं. जबरदस्तीने डोळे मिटण्यात काहीच मिळवायचं नाही.

उठताना झटकन उठू नका. आडवं असताना एकदम उभं राहिलं की रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, डाव्या हाताचा रेटा देऊन बसा, डोकं सगळ्यात शेवटी वर आणा.

दुसरा आठवडा: श्वास सोडायला शिका

शवासनातच एक तळहात बेंबीवर आणि दुसरा छातीवर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात वर जायला हवा आणि सोडताना खाली. अनेकांचं उलटं होतं: श्वास घेताना पोट आत आणि खांदे वर. ते लगेच दुरुस्त करायला जाऊ नका, चार दिवस नुसतं बघा. बघता बघता बऱ्याच जणांचं ते आपोआप सुधारतं.

मग बसा. मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर बैठकीखाली घडी घातलेल्या चादरी घ्या किंवा लाकडी पाटावर चादर टाकून बसा. मांडी जमतच नसेल तर खुर्चीत बसा. पाठ टेकलेली नको, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट. बुटक्या माणसांनी पायांखाली पाट घ्यावा.

नाकानेच श्वास घ्या आणि नाकानेच सोडा. मनात तीन अंक मोजत घ्या, चार मोजत सोडा. हे सहज जमलं की चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. म्हणजे एका श्वासाला साधारण दहा सेकंद आणि मिनिटाला सहा श्वास. एरवी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, म्हणून सोडण्याचा काळ लांबवला की शरीर शांत होत जातं. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितलीत तर हा चढउतार पुष्कळांना प्रत्यक्ष कळतो. नाडी बघून मग श्वास घेणाऱ्या माणसाला 'प्राणायामाने काय होतं?' हे वेगळं सांगावं लागत नाही.

श्वास रोखायचा नाही. कुंभक हा शिक्षकासमोर बसून, पुढे कधीतरी शिकण्याचा भाग आहे. मोजताना दम लागत असेल, पुढचा श्वास हिसका मारून घ्यावा लागत असेल, तर अंक कमी करा. पाच मिनिटं करा, मग शवासन.

श्वासाच्या या शास्त्राकडे प्रयोगशाळेच्या नजरेने बघायला आपल्याच मातीत सुरुवात झाली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था काढली, क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रं वापरून योगक्रियांच्या नोंदी घेतल्या आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक चालवलं. त्याच्याही आधी, 1918 मध्ये, योगेंद्रजींनी मुंबईत द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली. आज ती सांताक्रूझला आहे. संसारी माणसाला झेपेल असा योग शिकवणं हे त्यांचं ध्येय होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून: सहा आसनं

सहाच घ्या. यादी मोठी केली की एकही नीट होत नाही.

ताडासनाने सुरू करा. पावलं जवळ किंवा वीतभर अंतरावर. वजन टाचेवर जास्त पडतंय की चवड्यावर, डाव्या पायावर की उजव्या, ते डोळे उघडे ठेवून तपासा आणि दोन्हीकडे सारखं करा. गुडघे मागे ढकलून लॉक करू नका. अर्धा मिनिट. आसन दिसायला काहीच नाही, पण लोकलमध्ये किंवा ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच.

मग हातापायांवर या, गुडघ्यांखाली चादर घ्या आणि मार्जारासन करा. श्वास सोडताना पाठ वर गोल करा, घेताना कंबर हलकेच खाली सोडा आणि छाती पुढे न्या. हालचाल श्वासाएवढीच सावकाश हवी. आठ-दहा वेळा. मनगटं दुखत असतील तर मुठींवर टेका, किंवा उभं राहून हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा आणि तिथेच करा.

तिसरं, पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी घेण्याचं, एकपाद पवनमुक्तासन. मान उचलायची गरज नाही.

चौथं ओढणीचं. पाठीवर झोपा, डावा गुडघा दुमडून पाऊल जमिनीवर ठेवा, उजव्या तळपायाला ओढणी अडकवून पाय वर न्या. ओढणीची दोन टोकं दोन हातांत, खांदे जमिनीवर. वरचा गुडघा थोडा वाकलेला राहिला तरी चालेल. पाऊण मिनिट थांबा, मग दुसरा पाय. सुप्त पादांगुष्ठासनाचं हे सोपं रूप आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांडीचे मागचे स्नायू आखडतात आणि त्यापायी कंबर ओढली जाते. त्यांनी बाकी काही चुकवलं तरी हे चुकवू नये.

पट्टा, खुर्ची, विटा, घडी घातलेली कांबळी यांचा आधार घेऊन आसन करण्याची पद्धत बी.के.एस. अय्यंगारांनी पुण्यात घडवली. ते 1937 मध्ये पुण्याला आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. शिवाजीनगरची त्यांची संस्था 1975 पासून चालते आहे. आधार घेणं म्हणजे कमीपणा, ही समजूत या पद्धतीने मोडून काढली. ज्याचा हात पायापर्यंत पोचत नाही त्याला ओढणी दिली की त्याची पाठ सरळ राहते, आणि आसनाचा फायदा त्या सरळ पाठीत आहे.

पाचवं भुजंगासन, पण लहान. पालथे झोपा, कपाळ जमिनीवर, तळहात छातीच्या बाजूला, कोपरं अंगालगत. हातांनी रेटा न देता पाठीच्या जोरावर छाती थोडीशी उचला. बेंबी जमिनीवरच राहील. तीन श्वास, मग खाली. तीनदा. गरोदरपणात, हर्निया असेल तर किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर हे वगळा.

सहावं सगळ्यांचं लाडकं: भिंतीला पाय लावून पडणं. भिंतीला कूस लावून बसा, वळून पाय भिंतीवर सरकवा, पाठ जमिनीवर. पाच मिनिटं. दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील तर याने फार बरं वाटतं. पायांना मुंग्या आल्या तर गुडघे दुमडून खाली घ्या. सर्वांगासन आणि शीर्षासन मात्र व्हिडिओ बघून कधीही करू नका. मानेवर वजन येतं आणि डोळ्यांतला दाब वाढतो. या दोन आसनांसाठी समोर शिक्षक हवाच.

कुठे थांबायचं? स्नायूच्या मध्यभागी, पसरलेला ताण चालतो. सांध्यात टोचलं, कळ आली, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर तिथेच सोडा. दुसरी खूण श्वासाची: श्वास अडकला की तुम्ही पुढे गेला आहात, थोडे मागे या.

पाळीच्या दिवसांत काय करावं हे बायका हमखास विचारतात. अंगावर जास्त जात असेल किंवा पोट दुखत असेल तर पडून करायची आसनं आणि श्वास एवढंच करा. बरं वाटत असेल तर नेहमीचं करायला हरकत नाही. स्वतःच्या शरीराचं ऐका, दुसऱ्या कुणाचं नको.

एवढं सगळं, शेवटचं शवासन धरून, पंचवीस-तीस मिनिटांत होतं. मात्र ही सौम्य आसनं चालण्याची जागा घेत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमछाकीचा व्यायाम सांगते. म्हणून भाजी आणायला, मुलांना सोडायला जाताना भरभर चाला.

दुसरा महिना: सूर्यनमस्कार आणि दोन प्राणायाम

सूर्यनमस्काराशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. रथसप्तमीला आजही कितीतरी शाळांत सामुदायिक नमस्कार होतात. त्यामुळे लहानपणी झटपट घातलेले नमस्कार अंगाला आठवत असतात आणि चाळिशीत आपण त्याच वेगाने घालायला जातो. वेग सोडा. पहिल्या आठवड्यात दोन नमस्कार, प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास. हात टेकताना गुडघे वाका. पाय मागे नेल्यावर आधी गुडघे टेकवा, मग छाती खाली आणा, म्हणजे खांद्यांवर झटका येत नाही. आठवड्याला एक-दोन वाढवत न्या. बारावर पोचायला दोन महिने लागले तर लागू द्या.

प्राणायामांत अनुलोम-विलोम आणि भ्रामरी घ्या. अनुलोम-विलोमात डाव्या नाकपुडीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. अंगठा आणि अनामिकेने नाकपुडी हलकेच बंद करा, दाबू नका. पाच मिनिटं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी नको. भ्रामरीत श्वास सोडताना तोंड मिटून 'म्‌'चा गुंजारव करा, पाच ते सात वेळा. झोपण्याआधी भ्रामरी केली की डोक्यातली गडबड कमी होते.

कपालभातीचं वेड मला काळजीत टाकतं. पोटाला जोराचे हिसके देणारी ही शुद्धिक्रिया आहे. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण यांत ती करू नये. बाकीच्यांनीही ती समोरासमोर शिकून मगच करावी.

दिवसभरातलं अवधान

यासाठी वेगळी वेळ काढू नका. रोजचं एक काम निवडा: आंघोळ, भांडी घासणं किंवा सकाळचा चहा. ते काम चालू असताना फक्त तेच. पाण्याची ऊब, कपाचा हाताला लागणारा चटका, साबणाचा वास. मन ऑफिसात किंवा मुलाच्या परीक्षेत जाईल. गेलं हे लक्षात आलं की परत आणा. ते दहा वेळा जाईल, दहा वेळा आणा. हे परत आणणं हाच सराव आहे, त्यामुळे 'माझं मन लागतच नाही' म्हणून कुणी हिरमुसू नये.

दुसरी जागा ताट. जेवणाआधी श्लोक म्हणायची आपल्याकडची पद्धत होती, त्यात दोन क्षण थांबणं आपोआप व्हायचं. तेवढं थांबा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि निदान पहिले पाच घास सावकाश चावून खा. लोकलमध्ये किंवा बसमध्ये उभे असाल तर लक्ष तळपायांवर आणा, गाडीच्या हिसक्याबरोबर वजन कुठे सरकतंय ते बघा.

इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्राचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर अनेकांच्या मनात असतं. तिथे पूर्ण मौन असतं आणि दिवसाचे सुमारे दहा तास ध्यान. शुल्क नसतं, शिबिर दानावर चालतं. जायचं तर जरूर जा, पण घरी वीस मिनिटं शांत बसायची सवय झाल्यावर. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर अर्ज भरताना ते लपवू नका.

तेल आणि झोप

दिवाळीतलं अभ्यंग वर्षातून एकदाच का? रविवारी तिळाचं तेल कोमट करा, हातापायांना लांब आणि सांध्यांना गोल हात फिरवत दहा मिनिटं चोळा, मग गरम पाण्याने आंघोळ. तळपाय आधी पुसून घ्या, मोरीत पाय घसरतो. रात्री तळव्यांना थोडं तूप लावून काशाच्या वाटीने घासलं की पाय निवतात, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना हे करून देण्यासारखं सुख नाही.

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. झोपायची वेळ मग हळूहळू जागेवर येते. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेतच.

शिक्षक शोधताना

महिन्या-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी शरीराची ठेवण तपासून घ्या. पहिल्याच भेटीत जो तुमचे आजार, औषधं, जुनी दुखणी विचारतो तो चांगला शिक्षक. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. 'औषधं बंद करा, योगाने सगळं बरं होतं' असं जो म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर आसनांवर विसंबून थांबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आणि खंड पडला तर? गणपतीत पाहुणे येतात, ताप येतो, बदली होते, खंड पडतोच. चार-पाच दिवसांचा असेल तर सहा आसनांपासून पुन्हा धरा, सूर्यनमस्कार दोनावर आणा. महिनाभराचा असेल तर सरळ सतरंजी अंथरा, दहा मिनिटं शवासनात पडा आणि तिथून आठवड्या-आठवड्याने वर या. दुसऱ्या खेपेला हा रस्ता निम्म्या वेळात संपतो.